जुलै लागला की तोंड लपवायचं का? (वेतनवाढ, भाऊबंद आणि आपण सरकारी माणसं)

बोरीकाठचा | २ जुलै २०२५, रात्री ९:४२

परवा पारोळ्याकडे एका नातेवाइकांच्या गंधमुक्तीला (मरणानंतरच्या विधीला) गेलो होतो. पंगत उठली, मंडपात सतरंजीवर सगळे टेकले. माझा चुलतभाऊ, सात एकर कोरडवाहू, सगळा कापूस, बडीशेप तोंडात टाकत सगळ्यांदेखत म्हणाला, "तुमनं बरं शे भो. जुलै उना का पगार वाढना. आमना कापूसना भाव कोन वाढावस?"

दहा-बारा माणसं हसली. मीही हसलो. मग एका आजोबांनी हात कानाशी नेऊन विचारलं, "पगार कितला पडस मग आते?" मी नेहमीचं उत्तर दिलं, "चाललंय, भागतं." आणि चप्पल शोधायला उठलो.

घरी येताना गाडीवर हिशेब केला. मी २००९ ला लिपिक म्हणून लागलो, आता वरिष्ठ लिपिक. मूळ वेतन ३५,३००. एक जुलैला ते ३६,४०० झालं, म्हणजे वाढ ११०० रुपये. त्यावर महागाई भत्ता ५३ टक्के, ५८३ रुपये. घरभाडे भत्ता आपल्याकडे १० टक्के, ११० रुपये. एकूण १७९३. त्यातून एनपीएसचे, म्हणजे नव्या पेन्शन योजनेचे, १६८ कापले की हातात १६२५ रुपये. तेही एक ऑगस्टला दिसणार, कारण जुलैचा पगार ऑगस्टमध्ये होतो.

प्रश्न असा की वाढ घेताना मला अजिबात लाज वाटत नाही. नियमाने मिळते, घेतो. पण चारचौघांत तिचं नाव काढलं की चोरी पकडल्यासारखं होतं. तुमचं काय होतं? अशा वेळी आकडा सांगता की चप्पल शोधता?

---

दोंडाईचा_ठसका | २ जुलै, रात्री ९:५५

मी चप्पल मंडपाच्या तोंडाशीच ठेवतो. पंधरा वर्षांचा अनुभव.

---

कळण्याची_भाकरी | २ जुलै, रात्री १०:२०

बोरीकाठचा दादा, तुम्ही निदान लिपिक आहात. मी जिल्हा परिषदेची मास्तरीण. आमचा पगार तर गावातल्या पोरांना पण पाठ असतो. मागे एका पालकाने मला सुनावलं, "मॅडम, तुमच्या एका महिन्याच्या पगारात माझं वर्षाचं बियाणं-खत होतं." मी त्यांच्या मुलाच्या गैरहजेरीबद्दल बोलायला गेले होते. कापूस वेचणीला नेत होते त्याला. पगाराचा विषय निघाला आणि गैरहजेरी राहिली बाजूला.

मला राग पगार काढल्याचा नाही. राग याचा की पगार हे सगळ्याचं उत्तर होऊन बसलंय. उन्हात मतदान घ्यायला गेलात? पगार मिळतो ना. गेल्या वर्षी १३ मेला आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं. जळगाव, रावेर, नंदुरबार, तिन्हीकडे एकाच दिवशी. आदल्या दिवशीपासून पत्र्याच्या खोलीत मुक्काम, पंखा फिरतोय पण वारा भट्टीचा. एका बाईंना भोवळ आली. गावातला एक जण म्हणाला, "एक दिवस तरी उन्हात या की." आमच्या शाळेला काय वातानुकूलन यंत्र लागलंय?

---

हिंजवडीतला_धुळेकर | २ जुलै, रात्री ११:०५

वाचून सहानुभूती वाटली, पण एक बाजू राहते आहे. १६२५ रुपये कमी आहेत हे मान्य. पण ते मिळवायला या वर्षी तुम्ही काय केलंत? नाराज होऊ नका, खरंच विचारतोय. आमच्याकडे वर्षभराचं काम मांडावं लागतं, साहेबाशी वाद घालावा लागतो, टीममधल्या दहांपैकी एकाला शून्य द्यायचंच असतं. यंदा मला शून्य आलं. पुढच्या वर्षी बहुतेक नोकरीच नसेल. तुमच्याकडे काम करणारा आणि खुर्चीवर स्वेटर टांगून चहाला जाणारा, दोघांना तोच टप्पा, तीच तारीख. लोक चिडतात ते यावर.

---

दोंडाईचा_ठसका | २ जुलै, रात्री ११:०९

धुळ्यात स्वेटर? टॉवेल म्हणा, भाऊ.

---

निवृत्तनाना | ३ जुलै, सकाळी ६:१५

धुळेकर, तुमचा मुद्दा नवा नाही. सरकारला तो चाळीस वर्षांपूर्वीच सुचला होता.

मी १९८७ साली लागलो. श्रेणी होती ९५०-२०-११५०-द.रो.-२५-१५००. हे आजच्या पोरांना वाचता येत नाही म्हणून सांगतो. सुरुवात ९५० रुपये. वर्षाला वीस रुपये वाढ. होय, वीस. ११५० ला पोचलं की दक्षतारोध. म्हणजे फाटक. वरिष्ठांनी कामकाज आणि गोपनीय अहवाल पाहून आदेश काढला तरच पुढचे पंचवीस. नाही काढला तर तिथेच बसा.

आता ते फाटक कोणासाठी उघडायचं? माझ्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ, अक्षर मोत्यासारखं, फाईल कधी हरवली नाही, पण साहेबाच्या घरी भाजी पोचवायला नकार दिला. तीन वर्षं रोधावर उभे. आणि जो भाजी पोचवायचा तो पार. मी ११५० ला पोचेपर्यंत पाचवा वेतन आयोग आला आणि दक्षतारोधच गेला, म्हणून वाचलो. चांगल्या कामाला आगाऊ वेतनवाढही मिळायची. ती कोणाला मिळायची हे विचारू नका, सकाळची वेळ आहे.

म्हणून कामाशी जोडा म्हणणं सोपं. काम मोजणारा कोण, ते आधी ठरवा.

---

केळीभो_रावेर | ३ जुलै, सकाळी ७:४०

नाना राम राम. मी शेतकरी, धाग्यात घुसलो म्हणून रागावू नका. घरात दोन नोकरीवाले आहेत, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकतो.

बोरीकाठचा भाऊ, तुमच्या चुलतभावाला तुमचे १६२५ खटकत नाहीत. त्याला खटकते ती तारीख. एक जुलै. पेरणी केली की पाऊस कधी, माहीत नाही. पंचनामा झाला तर पैसे कधी, माहीत नाही. आमच्या केयीचं (केळीचं) तर विचारूच नका. सकाळी बोर्डाचा भाव एक, बागेत घड कापताना व्यापारी म्हणतो दुसरा, ट्रक भरून गेला की फोनवर तिसरा. जूनमध्ये वादळ आलं की दीड वर्षाची बाग वीस मिनिटांत आडवी. फळपीक विम्याचे पैसे आले तर आले.

माझ्या वहिनी शिक्षिका आहेत. त्या बँकेत गेल्या की साहेब खुर्ची देतो, कारण त्यांच्या पगाराला तारीख आहे. मी गेलो की उतारा मागतो, मग जामीनदार मागतो. जामीनदार म्हणून मी वहिनींनाच नेतो. घ्या!

---

भुसावळ_जंक्शन | ३ जुलै, सकाळी ९:१०

केळीभो बरोबर बोलले. पण एक हिशेब मांडतो, चिडू नका. यंदा केंद्राने मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७१२१ वरून ७७१० केला. ५८९ रुपये, म्हणजे आठ टक्क्यांच्या वर. सरकारी माणसाला तीन टक्के. मग जास्त वाढ कोणाची झाली?

(मी रेल्वेत, म्हणजे केंद्राचा. आमचा महागाई भत्ता ५५ झाला, राज्यवाल्यांचा अजून ५३ वरच. मिळेल मागाहून फरकासह, काळजी नसावी.)

---

केळीभो_रावेर | ३ जुलै, सकाळी ९:३२

जंक्शनभाऊ, तुमचा पगार खेडा खरेदीवाला देतो का? कागदावर ७७१०. दिवाळीआधी पोराच्या फीसाठी गडी कापूस विकायला काढतो तेव्हा खरेदी केंद्र उघडलेलं नसतं. उघडलं की ओलावा जास्त निघतो. खेडा खरेदीवाला दारात काटा घेऊन उभा, भाव तो म्हणेल तो. समजा तुम्हाला एक तारखेला सांगितलं, पगार ५० हजार, पण तुमच्यात ओलावा जास्त आहे, ३९ घ्या. चालेल?

---

दोंडाईचा_ठसका | ३ जुलै, सकाळी ९:३४

आमच्या साहेबात ओलावा अजिबात नाही. पूर्ण कोरडे.

---

भुसावळ_जंक्शन | ३ जुलै, सकाळी ९:५०

मागे घेतो. ओलाव्याचा मुद्दा जिंकला.

---

मालेगाव_नाका | ३ जुलै, दुपारी १२:१८

इथे सगळे एकमेकांना गोंजारत आहेत म्हणून कडू लिहितो.

वडील वारले. वारस नोंदीसाठी अर्ज दिला. कायद्याने नोटिशीचे पंधरा दिवस, हरकत नसेल तर नोंद मंजूर व्हायला हवी. मला आठ महिने लागले. कार्यालयाचं नाव घेत नाही. पहिल्यांदा मृत्यूचा दाखला अस्पष्ट. दुसऱ्यांदा भाऊसाहेब मीटिंगला. तिसऱ्यांदा सर्व्हर बंद. चौथ्यांदा आतल्या माणसाने बाहेर चहाच्या टपरीवर 'समजून घ्या' म्हटलं. मी समजून घेतलं नाही, म्हणून आठ महिने. माझ्या शेजाऱ्याने समजून घेतलं, त्याचं तीन आठवड्यांत झालं.

त्या आठ महिन्यांच्या मधोमध जुलै येऊन गेला. त्या माणसाला वाढ मिळाली असणारच. ती माझ्या डोळ्यांसमोर मिळाली. आता सांगा, १६२५ रुपयांचा हिशेब मी का ऐकू?

---

बोरीकाठचा | ३ जुलै, रात्री ८:३०

नाका साहेब, याला उत्तर नाही. "सगळे तसे नसतात" हे वाक्य मी टाइप केलं आणि पुसलं. मी तसा नाही, पण माझ्या हॉलमध्ये कोण तसा आहे हे मला माहीत आहे, आणि मी त्याच्याबरोबर डबा खातो. चुलतभाऊ हसला तेव्हा बहुतेक तेच डोक्यात आलं असणार.

एवढं मात्र सांगतो, वेतनवाढ रोखता येते. १९७९ च्या शिस्त व अपील नियमांत ती शिक्षा आहे, तात्पुरती किंवा कायम परिणामाची. पण ती लागते उशिरा येणाऱ्या शिपायाला. टपरीवरच्याला लागलेली मी पाहिली नाही.

---

कळण्याची_भाकरी | ३ जुलै, रात्री ८:५२

लागते हो, आम्हाला लागली. एमएससीआयटी! मुदतीत पास झालो नाही म्हणून आमच्या केंद्रातल्या वयस्कर गुरुजींच्या वेतनवाढी रोखल्या, दिलेल्या परत वसूल केल्या. चाळीस वर्षं खडूने फळा भरणारा माणूस माउस उलटा धरतो म्हणून. गुरुजी म्हणायचे, "मी उंदीर पकडायला नोकरीला लागलो नव्हतो."

---

मालेगाव_नाका | ३ जुलै, रात्री ९:१५

बोरीकाठचा, प्रामाणिक उत्तराबद्दल आभार. डबा खाता हे लिहायला हिंमत लागते. नोंद झाली आहे शेवटी, १०६४ वर फोन करायची धमकी दिल्यावर. लाचलुचपतवाल्यांचा तो नंबर माझ्या मोबाइलमध्ये 'मावशी' नावाने सेव्ह आहे.

---

निवृत्तनाना | ४ जुलै, सकाळी ६:०५

जनतेच्या मनातली आपली प्रतिमा कायम अशी नव्हती, हे नोंदवून ठेवतो. १९७७-७८ चा चोपन्न दिवसांचा संप. माझे थोरले बंधू त्यात होते. डिसेंबरात सुरू झाला, फेब्रुवारीत मिटला. केंद्राइतका महागाई भत्ता एवढीच मागणी. दोन महिने पगार नाही. अमळनेरच्या किराणावाल्याने उधारी थांबवली नाही. वहिनीला म्हणाला, "तुमना पगार बुडना ते मना धंदा बुडना." कारकून आणि दुकानदार एकाच गल्लीत राहायचे, दोघांची गरिबी सारखीच होती.

मार्च २०२३ ला पोरं जुन्या पेन्शनसाठी संपावर गेली, तेव्हा मोबाइलवर काय फिरत होतं आठवा. "यांना काढा, आम्ही अर्ध्या पगारात काम करतो." हे लिहिणारी पोरं बेरोजगार होती, खोटी नव्हती. मला पेन्शन आहे, म्हणून मी गप्प बसलो. २००५ च्या नोव्हेंबरपासून लागलेल्यांना ती नाही, आणि गल्लीतला माणूस सगळ्यांना एकाच काट्यावर तोलतो.

---

तिकीट_घ्या_पुढे_चला | ४ जुलै, सकाळी ६:४०

एसटीवाला हजर. लोक आम्हाला पण सरकारी जावई म्हणतात. आम्ही तर सरकारीच नाही! २०२१ च्या ऑक्टोबरपासून पुढचा एप्रिल येईपर्यंत सरकारात विलीनीकरणासाठी संपावर बसलो, झालं नाही. त्या काळात मी चोपड्याला रसवंतीवर ग्लास धुतले. परत कामावर आलो तर पहिल्याच फेरीत एक काका म्हणाले, "सुट्टी संपली का?"

शिव्या सरकारी, पगार महामंडळाचा. पुढे चला.

---

सातपुड्याची_सिस्टर | ४ जुलै, रात्री १०:१०

आज नेटवर्क आहे म्हणून सगळं वाचलं.

मी धडगाव भागात आहे, नऊ वर्षं झाली. इथे मला कोणी पगार विचारत नाही. इथे विचारतात, "सिस्टर, तू जाशील का?" म्हणजे बदली. माझ्याआधीची सहा महिन्यांत गेली. तिच्याआधीची रुजूच झाली नाही. नर्मदेच्या काठच्या पाड्यांवर आमची माणसं बोटीतल्या तरंगत्या दवाखान्यातून जातात. पावसात घाट बंद झाला की बाळंतीण झोळीत येते. आपली प्रतिमा इथे एवढीच, की बाई आहे की नाही.

आदिवासी भागात काम म्हणून एकस्तर वेतनश्रेणी मिळते. लोक म्हणतील जादा पगार. पण इथून खाली उतरले की ती निघते आणि मूळ वेतन मागे येतं. नंदुरबारला बदली झालेली माझी मैत्रीण म्हणाली, "डोंगर उतरले तसा पगार पण उतरला." मी अजून बदली मागितली नाही. पगारासाठी नाही, उगाच मोठी करू नका मला. मुलीची शाळा तळोद्याला चांगली लागली आहे आणि नवरा तिथेच कामाला आहे.

आणि धुळेकर भाऊ, माझ्या वर्षभराच्या कामाचा आकडा हवा असेल तर किती बाळंतपणं झाली ते रजिस्टरमध्ये आहे. पण ज्या वर्षी पाऊस जास्त, त्या वर्षी माझे आकडे खराब येतात. तेव्हा वाढ कापायची का?

---

हिंजवडीतला_धुळेकर | ४ जुलै, रात्री ११:३०

सिस्टर, नाही. तुमची नाही कापायची. माझ्या डोक्यात तो टॉवेलवाला होता. माझ्या कंपनीतही टॉवेलवाले आहेत हे आता सांगूनच टाकतो, फक्त त्यांचं सादरीकरण चांगलं असतं.

---

रोजंदारी_२०१६ | ५ जुलै, दुपारी ४:२५

लिहू की नको करत होतो.

मी एका सरकारी कार्यालयात संगणक चालक आहे, ठेकेदार कंपनीमार्फत. २०१६ पासून. जून संपला की सेवार्थमध्ये (पगाराच्या संगणक प्रणालीत) आमच्या कार्यालयाच्या सगळ्या वेतनवाढी मीच टाकतो. ३५,३०० चे ३६,४००, १९,९०० चे २०,५००. नाव उघडायचं, पुढचा टप्पा निवडायचा, सेव्ह. चाळीस-बेचाळीस नावं. एकाची चूक झाली तर पूर्ण टेबल ओरडतं माझ्यावर. त्या यादीत माझं नाव नाही, कारण मी आस्थापनेवरच नाही.

गावात मी पण सरकारी नोकर. आईने सगळ्यांना तसंच सांगितलंय. लग्नाच्या वेळी सासऱ्यांनाही तेच. त्यांना खरं कळलं तेव्हा मुलगी झाली होती, म्हणून निभावलं.

बोरीकाठचा सर, तुम्हाला आकडा सांगायची लाज वाटते. मला पण वाटते.

---

दोंडाईचा_ठसका | ५ जुलै, दुपारी ४:५०

यावर जोक सुचत नाही भाऊ.

---

कळण्याची_भाकरी | ५ जुलै, संध्याकाळी ७:०५

रोजंदारी दादा, माझी सुरुवात शिक्षणसेवक म्हणून झाली, तीन वर्षं ठरावीक मानधनावर. ते पुढे बरीच वर्षं ६००० वर होतं, २०२३ ला १६,००० झालं. माझ्या आईने पण तेव्हा सगळ्यांना 'पर्मनंट' सांगितलं होतं. आया कुठल्याही आस्थापनेच्या असोत, सारख्याच.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर. आमच्या शेजारचे काका रोज कट्ट्यावर सरकारी लोकांना शिव्या देतात, फुकटखाऊ, कामचोर. मुलीसाठी स्थळ बघताना पहिली अट काय? नोकरीवाला पाहिजे. वीस एकर बागायत असलेला मुलगा आला होता, चहा देऊन परत पाठवला.

---

केळीभो_रावेर | ५ जुलै, संध्याकाळी ७:२०

तो मीच असेन बहुतेक. चहा बरा होता.

---

निवृत्तनाना | ६ जुलै, सकाळी ६:२०

आज आषाढी, उपास आहे, म्हणून थोडी गंमत सांगतो.

आपल्याकडे माझ्या पिढीत अर्धा जिल्हा एक जूनला जन्मलेला आहे. आई सांगायची, "कापूस येचनीना वख्तले हुईन्हा तू." गुरुजींनी शाळेत घालताना दाखल्यावर १ जून ठोकला. आता नियम पाहा. पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त. म्हणजे आम्ही सगळे ३१ मेला घरी. वेतनवाढीला एक महिना कमी.

२०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ३० जूनला निवृत्त होणाऱ्याने वर्षभर काम केलंय, त्याला एक जुलैची वाढ नाकारता येणार नाही. राज्यानेही काल्पनिक वेतनवाढ धरून पेन्शन द्यायचा निर्णय काढला. ज्यांचा जन्म कागदावर एक जुलैचा, त्यांची चांदी. आणि आम्ही? अकरा महिने काम, वाढ नाही.

गुरुजींनी त्या दिवशी टाक दौतीत बुडवताना एक महिना उशिरा लिहिलं असतं, तर मला आयुष्यभर दरमहा पेन्शन जास्त मिळाली असती. गुरुजी वारले, नाहीतर फराळाचं घेऊन गेलो असतो विचारायला.

---

भुसावळ_जंक्शन | ६ जुलै, सकाळी ८:००

नाना, आमच्या शेडमध्ये एक जूनला केक आणायचा तर ट्रक लागेल.

---

तिकीट_घ्या_पुढे_चला | ६ जुलै, दुपारी १:४५

आषाढीला पंढरपूर जादा गाडीवर आहे. चंद्रभागेच्या काठावरून वाचतोय. माझाही एक जून.

---

मालेगाव_नाका | ७ जुलै, रात्री ९:००

धागा गोड होत चाललाय म्हणून पुन्हा मूळ प्रश्नावर. मला वाटतं आकडा सांगावा. तुम्ही लपवता, म्हणून लोक त्यात वरची कमाई मिळवून आकडा बनवतात. "चाललंय, भागतं" हे उत्तर टपरीवरचा माणूसही देतो. तुम्ही आणि तो, दोघांचं उत्तर एक आलं तर लोक फरक कसा करणार?

---

कळण्याची_भाकरी | ७ जुलै, रात्री ९:४०

नाका भाऊ, सांगून बघितलंय. खरा आकडा सांगितला की दुसऱ्या दिवशी उसने मागायला दोन जण. आणि फेब्रुवारीत आयकर कापून हातात नखाएवढा पगार येतो तेव्हा कोणी विचारायला येत नाही. करोनात मार्चचा पगार दोन टप्प्यांत झाला, महागाई भत्ता अठरा महिने गोठला, त्याची थकबाकी गेली ती गेलीच. ते कोणाच्या लक्षातच नाही.

---

केळीभो_रावेर | ७ जुलै, रात्री ९:५८

ताई, करोनात आमची केयी बागेतच पिकून गळाली. दोन टप्प्यांत पण नाही मिळाले पैसे. असं तोलू नका, काटा मोडेल.

---

कळण्याची_भाकरी | ७ जुलै, रात्री १०:०३

खरंय. मागे घेते.

---

बोरीकाठचा | ५ ऑगस्ट, रात्री १०:१५

महिनाभर धाग्याकडे फिरकलो नाही. कानबाईच्या उत्सवाला गावी गेलो होतो, सगळी भाऊबंदकी जमली होती. चुलतभाऊही.

नाकांचा सल्ला मानला. त्याने पुन्हा विषय काढायच्या आत मीच मोबाइलवर पगारपत्रक उघडून त्याच्या हातात दिलं. जूनचं आणि जुलैचं, दोन्ही. त्याने चष्मा लावला, बोटाने ओळी मोजल्या, वजाबाकी तोंडी केली. मग म्हणाला, "इतलाच? मंग तू गंधमुक्तीमा लाजना कसाले?"

मी म्हटलं, तू हसलास म्हणून. तो म्हणाला, मी त्या आजोबांच्या कानाच्या मशीनला हसत होतो, तिच्यातून शिट्टी वाजत होती.

मग त्याने त्याचा मोबाइल काढला. शेतकरी ओळख क्रमांकासाठी नोंदणी अडली होती, आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळत नव्हतं. वडिलांच्या नावातला एक काना. तीन चकरा झाल्या होत्या त्याच्या. ओसरीवर बसून आम्ही अर्ज तयार केला. दुसऱ्या दिवशी तो अर्ज घेऊन गेला, तर सर्व्हर बंद होता.

---

मालेगाव_नाका | ५ ऑगस्ट, रात्री १०:३०

मावशीचा नंबर देऊ का?

---

बोरीकाठचा | ५ ऑगस्ट, रात्री १०:३३

थांबा, या वेळी सर्व्हर खरंच बंद होता. मी फोन करून खात्री केली.

---

रोजंदारी_२०१६ | ५ ऑगस्ट, रात्री १०:४१

खरंच बंद होता सर. मी पण दिवसभर बसून होतो.

---

दोंडाईचा_ठसका | ५ ऑगस्ट, रात्री १०:४४

ते असो. १६२५ जमा झाले ना? शेवभाजी कधी? आणि कानबाईचे रोट उरले का थोडे?

---

बोरीकाठचा | ५ ऑगस्ट, रात्री १०:५०

रोट भाऊबंदांपुरतेच असतात, बाहेर देत नाहीत. शेवभाजी रविवारी, पारोळा रोडवरच्या ढाब्यावर. रोजंदारी, तुम्ही यायचंच, आणि पैसे द्यायचे नाहीत. नाना, तिखट सोसेल ना?

---

निवृत्तनाना | ६ ऑगस्ट, सकाळी ६:१०

सोसेल. येताना मला बसस्टँडवरून घ्या.